२१४७४८३६४७ : एका मूळ संख्येबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सुट्टीतल्या गणिताच्या वर्गात पहिल्या दिवशी मी फळ्याच्या कोपऱ्यात २१४७४८३६४७ ही संख्या लिहितो आणि महिनाभर ती पुसू देत नाही. मग प्रश्न सुरू होतात. आधी मुलांचे, मग पालकांचे, आणि पुढे कित्येक वर्षांनी सॉफ्टवेअरमध्ये नोकरीला लागलेल्या जुन्या विद्यार्थ्यांचे. तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरं इथे एकत्र केली आहेत. २^३१ असं लिहिलं असेल तिथे ‘२ चा ३१ वा घात’ असं वाचावं. कागद आणि कॅल्क्युलेटर जवळ असू द्या, कारण इथला बहुतेक प्रत्येक आकडा तुम्हाला स्वतः पडताळता येईल.

१. ही संख्या वाचायची कशी? आणि नेमकी हीच का निवडली?

दोन अब्ज चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस. आपल्या पद्धतीने स्वल्पविराम दिले तर २,१४,७४,८३,६४७.

दोन एकतीस वेळा मांडून गुणाकार करा आणि त्यातून एक वजा करा, की ही संख्या मिळते: २^३१ − १. द्विमान पद्धतीत, म्हणजे ० आणि १ एवढेच अंक वापरून लिहिली, तर ती ओळीने एकतीस एक्के अशी दिसते. एवढी साधी घडण असलेली ही संख्या मूळ आहे, आणि पुढे येणारे तिचे जवळजवळ सगळे गुण या एकतीस एक्क्यांतूनच निघतात. एका घडणीतून इतकं काही बाहेर पडताना पाहायला मला आजही आवडतं, म्हणून हीच निवडली.

२. मूळ संख्या म्हणजे काय? मग १ मूळ का नाही?

जिला १ आणि ती स्वतः असे नेमके दोनच विभाजक असतात ती मूळ संख्या. १ ला एकच विभाजक आहे, म्हणून तो बसत नाही. यामागे सोयही आहे. १ ला मूळ मानलं तर १२ = २ × २ × ३ या अवयवांत हवे तेवढे १ घालता येतील, आणि ‘प्रत्येक संख्येचे मूळ अवयव एकाच प्रकारे पडतात’ हा अंकगणिताचा पाया मोडेल.

३. ३१ मूळ आहे म्हणून २^३१ − १ मूळ आहे, असंच ना?

नाही. हा गैरसमज सगळ्यात जास्त वेळा येतो, म्हणून दोन्ही बाजू सांगतो.

घातांक संयुक्त असेल तर संख्या नक्की संयुक्त असते. पंधरा एक्के ओळीने लिहा. त्यांचे तीन-तीनचे पाच गट पडतात, म्हणून १११ ने, म्हणजे ७ ने, भाग जातो. पाच-पाचचे तीन गट पडतात, म्हणून ३१ नेही भाग जातो. आणि खरंच, ३२७६७ = ७ × ३१ × १५१. एकतीस एक्क्यांचे असे समान गट पडत नाहीत, कारण ३१ मूळ आहे.

पण गट पडत नाहीत म्हणजे दुसऱ्या कुठल्याच रीतीने भाग जात नाही, असं नव्हे. ११ मूळ आहे, तरी २^११ − १ = २०४७ = २३ × ८९. त्यापुढे २^२३ − १ ला ४७ ने भाग जातो आणि २^२९ − १ ला २३३ ने. थोडक्यात, मूळ घातांक ही पहिली अट आहे. ती पूर्ण झाल्यावरच खरी तपासणी सुरू होते.

४. ही संख्या मूळ आहे हे पहिल्यांदा कोणी सिद्ध केलं?

लिओनार्ड ऑयलरने, १७७२ मध्ये.

त्याआधीचा इतिहास दाव्यांचा आहे. इटलीतल्या काताल्दीने १७ आणि १९ हे घातांक नीट तपासले होते. मात्र १६०३ च्या आपल्या ग्रंथात त्याने २३, २९, ३१ आणि ३७ या घातांकांनाही मूळ संख्या मिळतात असं लिहून टाकलं. चारांपैकी एकच बरोबर निघाला, आपला ३१. फ्रान्समधल्या मारँ मर्सेन या धर्मगुरूने १६४४ मध्ये २५७ पर्यंतच्या घातांकांची यादी दिली: २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७, २५७. तिच्यात ६७ आणि २५७ चुकीचे आले, तर ६१, ८९, १०७ राहून गेले. तरी या घडणीच्या मूळ संख्यांना त्याचंच नाव मिळालं. २१४७४८३६४७ ही आठवी मर्सेन मूळ संख्या.

१७७२ साली ऑयलर सेंट पीटर्सबर्गमध्ये होता आणि त्याची दृष्टी जवळजवळ पूर्ण गेली होती. ही सिद्धता त्याने बर्नुलीला पाठवलेल्या पत्रातून जगापुढे आली. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत माणसाला माहीत असलेली हीच सर्वात मोठी मूळ संख्या होती.

५. कॅल्क्युलेटर नसताना ऑयलरने एवढी मोठी संख्या तपासली कशी?

भागून पाहूनच. पण कशाकशाने भागायचं हे आधी ठरवून.

शाळेत शिकवतात ती रीत अशी: संख्येच्या वर्गमुळापर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहा. इथे वर्गमूळ ४६३४० आणि थोडं वर येतं. तिथपर्यंत ४७९२ मूळ संख्या आहेत, म्हणजे चार हजार सातशे ब्याण्णव भागाकार. दिवसाला पन्नास केले तरी तीन महिने जातील.

ऑयलरने आधी एक प्रश्न विचारला: या संख्येला एखादा मूळ विभाजक असलाच, तर तो दिसेल कसा? उत्तर असं निघालं, की त्याला २४८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ६३ च उरली पाहिजे. (असं का, ते प्रश्न ६ मध्ये.) आता ४६३४० पर्यंत अशा संख्या मोजा. १ बाकीच्या, खुद्द १ सोडून, १८६. ६३ बाकीच्या १८७, त्यांतला ६३ स्वतः संयुक्त म्हणून सोडला तर १८६. एकूण ३७२. त्यांतल्याही कित्येक उघड संयुक्त आहेत. २४९ ला ३ ने भाग जातो, ४९७ ला ७ ने, ७४५ ला ५ ने. त्या गाळल्या की उरलेलं काम एका माणसाच्या आवाक्यात येतं.

विद्यार्थ्यांना मी हे सांगतो तेव्हा ‘३७२ म्हणजे तरी खूपच’ अशी कुजबुज होते. मग मी त्यांना ४७९२ चा आकडा पुन्हा दाखवतो. नव्वद टक्क्यांहून जास्त काम एका विचाराने वाचलं. सिद्धतेची खरी किंमत मुलांना कळते ती या ठिकाणी.

६. ‘२४८ ने भागून बाकी १ किंवा ६३’ हा नियम आला कुठून?

समजा ‘क’ ही मूळ संख्या २^३१ − १ ला भागते. म्हणजे २^३१ ला क ने भागलं तर बाकी १ उरते.

पहिली पायरी. २, ४, ८, १६ असे दोनाचे घात क ने भागत गेलं, की पहिल्यांदा १ बाकी कुठे येते? जिथे येते तो घातांक ३१ ला भागतो. ३१ मूळ असल्याने तो १ किंवा ३१ च असू शकतो, आणि १ शक्य नाही. म्हणजे बरोबर एकतिसाव्या पायरीवर. फर्माचा प्रमेय सांगतो की (क − १) व्या घातालाही बाकी १ येते, म्हणून ३१ ने क − १ ला भाग गेलाच पाहिजे. क विषम आहे, म्हणून क − १ सम. तेव्हा ६२ नेही भाग जातो.

दुसरी पायरी. २^३१ ची बाकी १, तर २^३२ ची बाकी २. पण २^३२ म्हणजे २^१६ चा वर्ग. म्हणजे क ने भागताना २ ही बाकी एका पूर्ण वर्गाची आहे. असं फक्त तेव्हाच घडतं जेव्हा क ला ८ ने भागून बाकी १ किंवा ७ येते.

दोन्ही अटी एकत्र करा. ६२ ने भागून बाकी १ असणाऱ्या संख्या २४८ च्या आत चारच: १, ६३, १२५, १८७. यांना ८ ने भागलं तर बाक्या १, ७, ५, ३. दुसऱ्या अटीत १ आणि ६३ एवढेच टिकतात.

७. संगणक आज हे कसं तपासतो? फर्माची कसोटी लावली तर चालेल का?

इथे मोठा खड्डा आहे, आणि इंजिनिअरिंगची मुलंही त्यात पडतात. फर्माची कसोटी अशी: २ चा (न − १) वा घात न ने भागला आणि बाकी १ आली, तर न ‘बहुधा मूळ’. पण मूळ घातांकाच्या मर्सेन संख्येबाबत ही बाकी नेहमीच १ येते, संख्या मूळ असो वा नसो. २०४७ घ्या. ती २३ × ८९ आहे, तरी २ च्या २०४६ व्या घाताला २०४७ ने भागलं की बाकी १ च येते, कारण २०४६ ला ११ ने भाग जातो. २ ऐवजी ३ घेतला, की बाकी १०१३ येते आणि सोंग उघडं पडतं. म्हणून मर्सेन संख्यांना २ पायाची कसोटी कधीच लावू नये.

खरी कसोटी ल्युका आणि लेहमर यांची. ४ पासून सुरुवात करा, वर्ग करा, २ वजा करा, दिलेल्या संख्येने भागून बाकी ठेवा. असं घातांकापेक्षा दोन कमी वेळा करायचं. शेवटी ० आलं तर संख्या मूळ, नाहीतर संयुक्त. १२७ साठी (घातांक ७, म्हणून पाच पायऱ्या): ४, १४, ६७, ४२, १११, ०. आपल्या संख्येला एकोणतीस पायऱ्या लागतात, आणि खिशातला फोन त्या डोळ्याची पापणी लवायच्या आत करतो.

ही कसोटी मर्सेन घडणीलाच लागू आहे. कुठल्याही संख्येसाठी चालणारी, अंकांच्या संख्येच्या मानाने आटोक्यातल्या पायऱ्यांत संपणारी आणि अजिबात अंदाजावर न टेकणारी रीत २००२ मध्ये आयआयटी कानपूरच्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी दिली.

८. मूळ संख्यांच्या रांगेत ही कितवी? तिला जोडमूळ संख्या, म्हणजे दोनच्या अंतरावरची मूळ संख्या, आहे का?

१०,५०,९७,५६५ वी. मागची शेजारीण २१४७४८३६२९, पुढची २१४७४८३६५९.

जोडमूळ नाही. दोनने कमी केली तर २१४७४८३६४५ येते आणि शेवटी ५ आहे. दोनने वाढवली तर २१४७४८३६४९ येते, तिच्या अंकांची बेरीज ४८, म्हणजे ३ ने भाग जातो. आणखी एक शंका येते ती दुपटीत एक मिळवण्याबद्दल. २^३२ − १ मिळते, आणि तिचे अवयव ३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७ असे सुटसुटीत पडतात.

९. परिपूर्ण संख्येशी हिचा काय संबंध?

२८ चे स्वतःहून लहान विभाजक १, २, ४, ७, १४. बेरीज पुन्हा २८. अशा संख्येला परिपूर्ण म्हणतात. प्रत्येक मर्सेन मूळ संख्या एक परिपूर्ण संख्या देते: तिला एक पायरी खालच्या दोनाच्या घाताने गुणायचं. ७ × ४ = २८ हे तेच. आपल्या संख्येला २^३० ने गुणलं की आठवी परिपूर्ण संख्या मिळते:

२३०५८४३००८१३९९५२१२८

ही रीत युक्लिडपासून माहीत होती. प्रत्येक सम परिपूर्ण संख्या याच रीतीने येते, हे ऑयलरने दाखवलं. १८११ मध्ये पीटर बार्लो या इंग्रज गणितज्ञाने लिहिलं की ही सापडलेली सर्वात मोठी परिपूर्ण संख्या आहे आणि हिच्यापुढची कोणी शोधायला जाणारही नाही, कारण या संख्या कुतूहलापुरत्या आहेत, उपयोगाच्या नाहीत. १८७६ मध्ये ल्युकाने २^१२७ − १ मूळ असल्याचं दाखवलं आणि बार्लोचा अंदाज मागे पडला. कुतूहल हे माणसाला पुरेसं कारण असतं, हे त्याने धरलं नव्हतं.

१०. ही दोन वर्गांची बेरीज म्हणून लिहिता येते का?

दोन वर्गांची नाही, तीनचीही नाही. चार लागतात.

४ ने भागून बाकी ३ उरणारी संख्या दोन वर्गांची बेरीज होत नाही. ८ ने भागून बाकी ७ उरली तर तीन वर्गांचीही होत नाही. एकतीस एक्क्यांतले शेवटचे तीन एक्के म्हणजेच ती ७ बाकी. चार वर्गांत मात्र प्रत्येक संख्या बसते, हे लाग्रांजने १७७० मध्ये सिद्ध केलं. मी कागदावर शोधलेली एक मांडणी:

४६३३९² + ४२५² + १०² + १²

२१४७३०२९२१ + १८०६२५ + १०० + १. करून पाहा. आधी मी ४६३४० पासून सुरुवात केली होती, कारण तो सर्वात मोठा बसणारा वर्ग. पण उरलेली ८८०४७ ही संख्यासुद्धा ८ ने भागून ७ बाकी देणारी निघाली, म्हणजे तिचे तीन वर्ग होणं शक्यच नव्हतं. एक पाऊल मागे आल्यावर काम झालं.

११. हिने भागायचं असेल तर भागाकार न करता बाकी काढता येते, हे खरं का?

खरं आहे. ९ ने भागून बाकी काढायला आपण अंकांची बेरीज करतो. ती चालते कारण १० ला ९ ने भागून १ उरतो. इथे २^३१ ला भागून १ उरतो, म्हणून तीच युक्ती: संख्या द्विमान पद्धतीत लिहा, उजवीकडून एकतीस-एकतीस अंकांचे तुकडे पाडा, बेरीज करा.

लहान भावंडावर, ३१ वर, करून दाखवतो. १००० म्हणजे द्विमान पद्धतीत १११११०१०००, एकूण दहा अंक. पाच-पाचचे तुकडे १११११ आणि ०१०००, म्हणजे ३१ + ८ = ३९. पुन्हा तुकडे १ आणि ००१११, म्हणजे १ + ७ = ८. आणि १००० − ९९२ = ८. संगणकाला तुकडे पाडणं आणि बेरीज करणं हे भागाकारापेक्षा कितीतरी स्वस्त पडतं. प्रश्न १२ मधला उपयोग यावरच उभा आहे.

१२. यादृच्छिक आकडे बनवायला ही संख्या का वापरतात?

एकने कमी संख्येचे अवयव आधी पाहा:

२१४७४८३६४६ = २ × ३ × ३ × ७ × ११ × ३१ × १५१ × ३३१

आता १ घ्या, ७ ने गुणत जा, आणि दर वेळी आपल्या संख्येने भागून बाकी ठेवा. १ पासून २१४७४८३६४६ पर्यंतची प्रत्येक संख्या नेमकी एकदा येते आणि मगच १ परततो. ७ मध्ये हा गुण आहे. २ मध्ये तो अजिबात नाही. २ ने गुणत गेलात तर एकतीस पायऱ्यांत परत १ वर याल (प्रश्न ६ ची पहिली पायरी आठवा).

सलग दिसणारे आकडे उघड ओळखू येऊ नयेत म्हणून ७ ऐवजी ७^५ = १६८०७ घेतात. ५ हा वरच्या अवयवांत नाही, म्हणून तोही पूर्ण फेरी मारतो. १ पासून सुरू केलं तर १६८०७, २८२४७५२४९, १६२२६५००७३ असं पुढे जातं, आणि दहा हजाराव्या पायरीवर १०४३६१८०६५ येतं. आपला प्रोग्राम बरोबर आहे का, हे तपासायला हा आकडा प्रोग्रामर हाताशी ठेवतात. पार्क आणि मिलर यांनी १९८८ मध्ये ही रीत किमान दर्जा म्हणून सुचवली. खेळ किंवा शिकण्यासाठी ती ठीक आहे. लॉटरी किंवा पासवर्डसाठी कधीही वापरू नका, कारण एक आकडा कळला की पुढचे सगळे कळतात.

१३. संगणकात ‘कमाल मर्यादा’ म्हणून हाच आकडा सारखा दिसतो. तो मूळ आहे म्हणून का?

नाही, तो योगायोग आहे. बत्तीस बिटांच्या (बिट म्हणजे ० किंवा १ ची एक जागा) पूर्णांकात एक बिट धन-ऋण चिन्हाकडे जातो, उरलेल्या एकतीस जागांवर सगळे एक्के भरले की हीच संख्या होते. सोळा बिटांची अशी कमाल संख्या ३२७६७, ती संयुक्त आहे (प्रश्न ३). चौसष्ट बिटांची २^६३ − १, तिला ७ ने भाग जातो. आठ बिटांची १२७ मात्र पुन्हा मूळ.

या मर्यादेची एक तारीख लक्षात ठेवण्याजोगी आहे. कित्येक जुन्या यंत्रणा १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद अशा पूर्णांकात मोजतात. आपल्या घड्याळाप्रमाणे मंगळवार, १९ जानेवारी २०३८ रोजी सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी ते बरोबर २१४७४८३६४७ होतील. पुढच्या सेकंदाला न बदललेली यंत्रणा ऋण आकड्यात जाऊन डिसेंबर १९०१ दाखवेल. उपाय ठाऊक आहे, चौसष्ट बिटांवर जाणं. नवीन यंत्रणांत ते झालेलंही आहे. काळजी आहे ती वर्षानुवर्षं कोणी हात न लावलेल्या उपकरणांची.

१४. आमच्या डेटाबेसमध्ये सगळ्या ग्राहकांचा मोबाइल नंबर २१४७४८३६४७ झाला आहे. कोणी हॅक केलं का?

हा प्रश्न दर वर्षी कुणीतरी घाबरून पाठवतं. हॅक झालेलं नाही. नंबरचा रकाना साध्या पूर्णांकाचा ठेवला आहे. आपले मोबाइल नंबर दहा अंकी आणि ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होणारे, म्हणजे प्रत्येक नंबर या मर्यादेपेक्षा मोठा. मायएसक्यूएल हा डेटाबेस प्रोग्राम सैल नियमांवर चालत असेल तर मर्यादेबाहेरचा आकडा मुकाट्याने कमाल मर्यादेवर आणून ठेवतो. म्हणून सगळ्यांचा नंबर एक.

गंमत लँडलाइनची आहे. पुढचा शून्य सोडला तर पुण्याचा नंबर २० ने सुरू होतो आणि मर्यादेत बसतो, मुंबईचा २२ ने सुरू होतो आणि बसत नाही. त्यामुळे पुण्यात चाचणी घेतलेला प्रोग्राम मुंबईच्या पहिल्याच ग्राहकाला अडखळू शकतो.

फोन नंबरवर बेरीज-वजाबाकी करायची नसते, तेव्हा रकाना मजकुराचा ठेवा. गेलेले नंबर मात्र डेटाबेसमधून परत मिळत नाहीत, ते जुन्या प्रतीतून किंवा कागदावरून पुन्हा भरावे लागतात.

१५. बँकेच्या व्यवहारांची कुलपं अशाच मूळ संख्यांची असतात म्हणे. ही चालेल का?

नाही. दहा अंक फार कमी आहेत. आरएसए या कुलूपबंद संदेशांच्या पद्धतीत साधारण तीनशे अंकी दोन मूळ संख्या लागतात आणि त्या गुप्त राहाव्या लागतात. मर्सेन संख्या तर सगळ्या जगाला पाठ आहेत. काही पद्धतींत मात्र मूळ संख्या गुप्त नसतेच, ती सर्वांना ठाऊक असते आणि तिच्यावर चालणारा हिशोब अवघड असतो. तिथे मर्सेन घडण कामाची ठरते, कारण बाकी काढणं सोपं जातं (प्रश्न ११). पी-५२१ नावाच्या पद्धतीत २^५२१ − १ ही मूळ संख्या याच कारणासाठी आहे.

१६. १ भागिले ही संख्या केली तर दशांशात काय येतं?

आवर्ती दशांश. आवर्तनाची लांबी २१४७४८३६४६ ला भागणारी असते, आणि ती सम असते. सम असल्यामुळे आवर्तनाचे दोन अर्धे एकमेकांत मिळवले की नुसते ९ येतात, जसं १/७ मध्ये १४२ + ८५७ = ९९९.

१७. हीच संख्या घातांकात ठेवली तर? तिथेही मूळ मिळेल?

वाटतं तसं. २, ३, ५ आणि ७ हे चार मर्सेन घातांक घ्या: त्यांच्या मर्सेन संख्या ३, ७, ३१, १२७. या पुन्हा घातांकात ठेवल्या तर चारही वेळा मूळ संख्या मिळते. आपली संख्या त्यांतलीच तिसरी आहे, कारण ३१ स्वतः २^५ − १ आहे.

पण साखळी तिथेच तुटते. १३, १७, १९ पासून सुरू केलं तर संयुक्त मिळते. आणि २१४७४८३६४७ घातांकात ठेवून येणारी सुमारे ६४ कोटी ६५ लाख अंकांची संख्याही संयुक्तच आहे. तिचा एक विभाजक १९८३ मध्ये गाय हॉवर्थ यांना सापडला: २९५२५७५२६६२६०३१. प्रश्न ६ मधला नियम इथेही पाळला जातो. या विभाजकातून १ वजा करा आणि आपल्या संख्येने भागा, बरोबर १३७४९० येतात, बाकी काही नाही. पूर्ण लिहायला लाखो पानं लागतील अशा संख्येचा विभाजक पंधरा अंकांत मावतो आणि आपण तो वहीत तपासू शकतो.

या घडणीचा शोध थांबलेला नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या ल्यूक ड्युरांट यांनी शोधलेली २^१३६२७९८४१ − १ ही मूळ संख्या जाहीर झाली, ४,१०,२४,३२० अंकांची.

१८. मला ऑयलरचे भागाकार वहीत स्वतः करायचे आहेत. सुरुवात कुठून करू?

डाव्या पानावर २४८ च्या पटीत १ मिळवून येणाऱ्या संख्या लिहा, उजव्या पानावर ६३ मिळवून. दोन्हीकडे ४६३४० च्या आत थांबा. मग ३, ५, ७, ११, १३ ने जाणाऱ्या खोडा, आणि उरलेल्यांना २११ पर्यंतच्या मूळ संख्यांनी तपासा. हे काम घाईने करू नका. वर्गात सर्वांना चकवते ती ४६१२९. दिसायला पक्की मूळ, बराच वेळ कशानेच भाग जात नाही, आणि मग १६३ × २८३ निघते.

पहिला खरा भागाकार ३११ चा: भागाकार ६९०५०९२, बाकी ३५. पुढचा १३०३ चा, बाकी २२६. मग १४८९, बाकी १९९. रोज पाच-सहा केले तर सुट्टी संपायच्या आत होतात. शेवटचा भाजक ४५९४३. तिथे भागाकार ४६७४२ येतो आणि बाकी १५९४१ उरते. त्या ओळीखाली तारीख घाला.